चौदाव्या नंबरासाठी नऊशे किलोमीटर

जर्मनीत २०१४ साली एडीएसी ज्युनियर कपमध्ये कोवळ्या वयाची पोरं ज्या मोटारसायकलींवर शर्यती लढली, त्या केटीएम आरसी ३९० तयार झाल्या होत्या आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. पुढे २०१८मध्ये त्याच गाडीवर बेतलेली रेसिंग आवृत्ती जागतिक सुपरस्पोर्ट ३०० मालिकेतही उतरली. चाकणची गाडी अशी युरोपात पळून आली. चाकणच्या चौकात टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्या पोराला मात्र तीच गाडी रीतसर शर्यतीत पळवायची म्हटली, तर आधी नकाशा काढून बसावं लागतं. पुण्या-नाशकात मातीवरची सुपरक्रॉस होते, कोल्हापुरात गो-कार्टचा ट्रॅक आहे, तळेगावजवळ नानोलीला छोटा खासगी ट्रॅक झालाय, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतीही झाल्या. पण मोटारसायकलींच्या राष्ट्रीय मालिकेची फेरी भरेल असं डांबरी सर्किट राज्यात नाही. त्यासाठी तमिळनाडू गाठायचं.

कोल्हापूरचा एक रायडर गेले काही मोसम हेच करतोय. शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर काम करतो, वय एकोणतीस, लग्न ठरण्याच्या बेतात. नाव छापायचं नाही ही त्याची अट. घरी ‘चेन्नईला गाडीच्या कार्यक्रमाला जातोय’ एवढंच सांगितलेलं असतं. कार्यक्रमात नेमकं काय होतं ते आईला अजून ठाऊक नाही, आणि भावी सासऱ्यांना तर मुळीच कळू द्यायचं नाही. त्याच्यासोबत असतात मामा. हे नात्यातले मामा नव्हेत. उद्यमनगरातल्या गॅरेजचे मिस्त्री. पन्नाशी उलटलेले, आरएक्स १०० आणि राजदूत ३५० यांच्या इंजिनांवर हात बसलेले. गाडी म्हणजे यामाहा आर-१५. बुधवारी दुसरी पाळी संपली की ती बोलेरो पिकअपमध्ये उभी करून चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळायची आणि बेळगाव, हुबळी, बंगळुरू करत नऊशेहून अधिक किलोमीटर तोडायचे. मुक्काम चेन्नईच्या अलीकडेच येतो : श्रीपेरुंबुदूरजवळचं इरुंगट्टुकोट्टै, एका बाजूला ह्युंदाईचा अवाढव्य कारखाना आणि तिथून जवळच मद्रास इंटरनॅशनल सर्किट. जुनी माणसं अजून त्याला एमएमआरटी, म्हणजे मद्रास मोटर रेस ट्रॅक, असंच म्हणतात.

ज्या शर्यतीसाठी हा खटाटोप, ती सहा फेऱ्यांची. चालते जेमतेम तेरा मिनिटं.

तार, पाणी आणि शिक्के

शुक्रवारी सकाळी सातलाच पॅडॉकमध्ये, म्हणजे संघ तळ ठोकतात त्या आवारात, रांग लागते ती तपासणीची. सगळे तिला ‘स्क्रूटिनी’ म्हणतात. नव्या माणसाला इथेच पहिला धक्का बसतो, कारण वेगाशी संबंधित असं इथे कोणी काही विचारतच नाही. आरसे काढले का? हेडलाइट, इंडिकेटर, स्टँड काढले का? ब्रेकच्या दांडीला गार्ड आहे का? चेनजवळ बोट जाऊ नये म्हणून पट्टी लावलीय का? रेडिएटरमध्ये कूलंट नाही ना, साधं पाणीच आहे ना? कूलंटमधलं ग्लायकॉल रस्त्यावर सांडलं तर निसरडं होतं, सहजी पुसलंही जात नाही. एकाची गाडी फुटली की मागच्या दहा जणांची घसरगुंडी. म्हणून पाणी. इंजिनाखालच्या फेअरिंगला तेल साठेल असा बंद तळ हवा, तोही त्याच कारणासाठी. निम्मेअधिक नियम स्वतःला वाचवण्याऐवजी मागून येणाऱ्याला वाचवण्यासाठी आहेत, हे रांगेत अर्धा तास उभं राहिलं की उमगतं.

मामांची खरी कला दिसते ती लॉक वायरमध्ये. ऑइलच्या ड्रेन बोल्टच्या डोक्याला आरपार बारीक भोक पाडायचं, त्यातून स्टेनलेसची पातळ तार ओवायची, पकडीने तिला सारखा पीळ द्यायचा आणि दुसरं टोक अशा बाजूला बांधायचं, की थरथरीने बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेचा ताण त्याला उलट आवळायच्या दिशेला ओढेल. तार उलट्या बाजूने बांधली तर ती नसल्यातच जमा. तपासनीस वाकतो, बोटाने तार छेडतो, पीळ मोजल्यासारखा बघतो आणि काही न बोलता पुढे सरकतो. मामांच्या लेखी यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

मग माणसाची पाळी. एकसंध चामड्याचा सूट, आत पाठीचं आणि छातीचं कवच, मनगटापर्यंत झाकणारे हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, मान्यताप्राप्त शिक्क्याचं हेल्मेट. एफएमएससीआय म्हणजे देशातल्या मोटार खेळांचा महासंघ. त्याचा त्या वर्षाचा परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त शाळेत घेतलेलं प्रशिक्षण. पैसा, नाव, ओळख यांतलं काहीही या टेबलावर चालत नाही. आमच्या कोल्हापूरकराच्या हेल्मेटची पट्टी तपासनीसाने तीनदा ओढून पाहिली. सूट, हेल्मेट, बूट, हातमोजे आणि कवचं मिळून आकडा लाखाच्या घरात जातो. ‘गाडी सेकंडहँड घेतली. पण अंगावरचं नवंच पाहिजे म्हटलं मामांनी,’ तो म्हणाला. मामांनी दुरुस्ती केली : ‘गाडी वाकली तर मी सरळ करतो. तुला कोण करणार?’

एका क्लबची सदतीस वर्षं

ही सगळी यंत्रणा चालवतो तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब. स्थापना १९५३. मोटारींची आणि मोटारसायकलींची खोड लागलेल्या काही मंडळींनी एकत्र येऊन काढलेला. ट्रॅक नव्हता, म्हणून त्यांनी शहराच्या उत्तरेला शोलावरमची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी शर्यतींसाठी वापरायला घेतली. धावपट्टी म्हणजे सरळ काँक्रीट. तिच्यावर गवताच्या पेंढ्या आणि ड्रम मांडून वळणं तयार करायची, शर्यती संपल्या की सगळं उचलायचं. अशा कामचलाऊ जागेवर शोलावरमच्या शर्यती देशभर गाजल्या, माणसांची झुंबड उडू लागली. मुंबईतही जुहूच्या धावपट्टीवर एकेकाळी मोटारी पळाल्या. फरक पडला तो पुढे. मद्रासकरांच्या क्लबने स्वतःची जमीन घेतली, स्वतःचा ट्रॅक बांधला आणि १९९०मध्ये तो सुरू केला. स्थापनेपासून तिथवर यायला सदतीस वर्षं लागली.

ट्रॅकची लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. वळणांना काव्यमय नावं नाहीत : सी-वन, सी-टू, असं बारापर्यंत. मोटारसायकलवाल्यांच्या दोन पिढ्या इथे घडल्या. टीव्हीएसने एकाच प्रकारच्या गाड्यांची आपली शर्यतमालिका १९९४मध्ये सुरू केली. २००८मध्ये आर-१५ बाजारात आली. पाण्याने थंड होणारं दीडशे सीसीचं इंजिन आणि ट्रॅकवर शोभेल अशी चौकट मध्यमवर्गीय पोराच्या हप्त्यात बसू लागली. अमेरिकेतली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल ही नावाजलेली शाळाही याच ट्रॅकवर वर्ग घेते. कोइम्बतूरला २००३मध्ये करी मोटर स्पीडवे झाला, एस. करिवर्धन या रेसर-उद्योजकाच्या नावाने, लांबी २.१ किलोमीटर. मोटारसायकलींची राष्ट्रीय मालिका मुख्यतः या दोन ट्रॅकच्या जिवावर उभी आहे.

महाराष्ट्रातली पोरं या नकाशात कुठे बसतात? मातीत. पुण्याचा सार्थक चव्हाण आधी सुपरक्रॉस खेळला, मग टीव्हीएसच्या संघातून डांबरावर आला आणि आशियाई वन मेक मालिकेपर्यंत पोचला. पण तसा एखादाच. बाकीचे शनिवार-रविवारचे रेसर. रजा टाकून येणारे, सोमवारी पुन्हा कामावर हजर होणारे.

शुक्रवार दुपार : डावी बाजू

पॅडॉकमध्ये कंपन्यांच्या संघांचे रंगीत तंबू एका रांगेत : टायर गरम ठेवणारी गुंडाळणी, लॅपटॉप, एकसारखे शर्ट घातलेले मेकॅनिक. दुसऱ्या टोकाला खासगी रायडर. ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या, पत्र्याची टूलबॉक्स, इडली-सांबाराच्या द्रोणांवर घोंगावणाऱ्या माश्या. उन्हाने डांबर इतकं तापतं की बुटाच्या तळातून चटका जाणवतो.

पहिल्या सरावाला तो बाहेर पडला आणि दुसऱ्याच फेरीत एका डाव्या वळणावर आपटला. आम्ही पाहिलं नाही. पिवळा झेंडा हलताना दिसला आणि मामांनी हातातला चहा खाली ठेवला. दहाएक मिनिटांनी पिकअपमधून गाडी परत आली, मागोमाग हा चालत. सूटच्या डाव्या कोपरावर पांढरे ओरखडे, चेहऱ्यावर लाज. मामांनी आधी त्याची बोटं एकेक करून वाकवून पाहिली, मगच गाडीकडे वळले. डावा हँडल वाकलेला, क्लचची दांडी मोडलेली, पायाची खुंटी गायब. मामांनी टायरवर तळहात फिरवला. उजवी बाजू रबर वितळून खरबरीत झालेली, डावी अजून गुळगुळीत. ‘उजव्या वळणांनी उजवी बाजू तापली. डावी थंडच हुती. आन तू दोन्हीकडं सारखाच भरवसा ठेवलास.’

निदान झालं, औषध कुठून आणायचं? क्लचची दांडी मामांच्या पेटीत होती, हँडल नव्हता. श्रीपेरुंबुदूरच्या बाजारात रेसिंगचा हँडल मिळायचा नाही. शेजारच्या ताडपत्रीतला तमिळ रायडर, याच्याच वर्गात पळणारा, एक शब्द न विचारता जुना हँडल घेऊन आला. मामांना तमिळ येत नाही, त्याच्या मेकॅनिकला मराठी येत नाही, हिंदी दोघांचीही तोडकीच. दोघे जमिनीवर मांडी घालून बसले आणि ‘ॲलन की’, ‘टॉर्क’, ‘टाइट’, ‘नो टाइट’ एवढ्या शब्दसंग्रहावर तासाभरात गाडी उभी राहिली. हँडल देणारा रविवारी याच्याच चाकाला चाक लावून असणार होता, हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवार : हवेशी झुंज

पात्रता फेरीत याची सर्वोत्तम वेळ आली दोन मिनिटं सात सेकंद आणि वर थोडं. म्हणजे ताशी सरासरी एकशेपाच किलोमीटर. हायवेवर ट्रकला मागे टाकताना आपण हा आकडा पाहतो, त्यामुळे ऐकायला तो मामुलीच वाटतो. पण या सरासरीत बारा वळणं आहेत, आणि त्यांतल्या काहींत गाडी निम्म्या वेगावर आणावी लागते. उरलेल्या वेळात किती जोर लावावा लागत असेल तो हिशेब ज्याचा त्याने करावा. याच्या पुढच्या तिघांत आणि याच्यात मिळून अर्ध्या सेकंदाचं अंतर. ताशी १२० किलोमीटरला सेकंदाचा दहावा भाग म्हणजे सव्वातीन मीटर, दीड गाडी.

लहान गाड्यांच्या शर्यतीत हे असंच होतं, आणि त्याचं कारण हवा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. हजार सीसीच्या गाडीकडे ताकद उधळायला असते. आर-१५कडे अठराएक अश्वशक्ती, सगळीच्या सगळी हवा ढकलण्यात खर्ची पडणारी. म्हणून रायडर सरळ पट्ट्यावर हनुवटी टाकीला टेकवतो, कोपरं आत ओढतो, गुडघे चिकटवतो. आणि म्हणूनच पुढच्याच्या पाठीमागे लपतो. पुढची गाडी हवा फोडते, मागच्याला तेवढाच वेग कमी कष्टात मिळतो, मग शेवटच्या क्षणी बाजूला निघून पुढे जाता येतं. रायडर याला ‘टो मिळाला’ म्हणतात. परिणाम असा, की कोणीच कोणाला सोडून जाऊ शकत नाही. चार-पाच जणांचा घोळका सगळी शर्यतभर एकमेकांना ओढत राहतो. मोठ्या गाडीवर चूक झाली तर मूठ पिळून भरपाई होते. लहान गाडीवर वळणात गमावलेला ताशी दोन किलोमीटरचा वेग पुढचा सगळा पट्टाभर परत येत नाही. ‘ब्रेक कधी मारायचा हे पोरं विचारतात,’ मामा म्हणाले, ‘ब्रेक कधी सोडायचा हे विचारणारा पुढं जातो.’

याने मोटारसायकल शिकली गगनबावड्याच्या आणि आंब्याच्या घाटात. ‘घाटात मी लई फास्ट हुतो,’ तो म्हणाला. ‘ट्रॅकवर आल्यावर कळलं, माझं नशीब फास्ट हुतं.’ घाटात वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही : चुकीच्या बाजूने येणारी एसटी, रस्त्यात बसलेली म्हैस, सांडलेली खडी. ट्रॅकवर वळण प्रत्येक फेरीला तेच असतं, तिथला खड्डाही तोच. त्यामुळे शिकता येतं. मागच्या फेरीला ब्रेक कुठल्या पाटीजवळ मारला, या फेरीला दोन मीटर पुढे मारला तर काय झालं, एवढी बारीक नोंद डोक्यात ठेवता येते. पहिल्या मोसमानंतर त्याने घाटात गाडी पळवणं सोडलं. कोणी सांगितलं म्हणून सोडलं नाही. आपण काय करत होतो ते त्याला दिसलं.

शनिवारच्या पहिल्या शर्यतीत तो सतराव्या जागेवरून निघाला. शेवटच्या फेरीत चार जणांच्या घोळक्यात सर्वांत पुढे, म्हणजे तेराव्या जागेवर. शेवटच्या वळणातूनही पहिला बाहेर पडला. समोर मोकळा सरळ पट्टा, त्यावर अंतिम रेषा. मागचे दोघे त्याच्याच सावलीतून टो घेऊन बाजूला निघाले आणि रेषेच्या अलीकडे पुढे गेले. पंधरावा. संध्याकाळी विजांसह पाऊस कोसळला आणि ताडपत्रीखाली त्याने तीच एक गोष्ट पुन्हापुन्हा उगाळली : पुढं हुतो म्हणून हरलो.

झेंडेवाले

ट्रॅकच्या कडेला ठरावीक अंतरावर नारिंगी अंगरखा घातलेली माणसं सकाळपासून उन्हात उभी असतात. हे मार्शल. बहुतेक हौशी स्वयंसेवक : कॉलेजातली पोरं-पोरी, नोकरदार, जुने रेसर. त्यांच्या हातातले झेंडे हीच रायडरशी बोलण्याची एकमेव भाषा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडायचं नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे मागून वेगवान रायडर येतोय. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल दिसला आणि सोबत तुमचा नंबर असला तर तुमच्या गाडीत बिघाड आहे, तुम्हाला कळला नसला तरी आम्हाला दिसतोय, तेव्हा मुकाट बाहेर या. अँब्युलन्स जागेवर नसेल तर शर्यत सुटत नाही. एक अँब्युलन्स जखमीला घेऊन गेली तर पुढची येईपर्यंत सगळे थांबतात.

एवढं करूनही हा खेळ जीव घेतो, हे लपवण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२३मध्ये याच ट्रॅकवर मोटारींच्या शर्यतीत ज्येष्ठ रेसर के. ई. कुमार गेले. त्याच वर्षी ५ ऑगस्टला मोटारसायकलींच्या राष्ट्रीय मालिकेत बंगळुरूचा तेरा वर्षांचा श्रेयस हरीश सी-वनच्या बाहेर पडताना कोसळला आणि गेला. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या सगळ्या शर्यती रद्द झाल्या. पॅडॉकमध्ये अजून त्याचं नाव निघालं की बोलणं थांबतं. तेरा वर्षांच्या मुलाला दोनशे सीसीवर बसवावं का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. इतर देशांत मुलं याहून लहान वयात सुरुवात करतात हे खरं, पण तिथे छोट्या गाड्या आणि छोटे ट्रॅक अशा पायऱ्या बांधलेल्या असतात. आपल्याकडे पायऱ्या कमी आणि उडी मोठी.

दुसऱ्या पारड्यातला आकडाही पाहायला हवा. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. ही सगळी वेडी पोरं नव्हती, कामावर निघालेले बापही होते. पण रात्री हायवेवर पैज लावणारी पोरं प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्यासाठी ना झेंडा हलतो, ना अँब्युलन्स उभी असते.

रविवार : तेरा मिनिटं

रविवारी सकाळी मामांनी टायरमधली हवा तपासली, चेनचा ताण पाहिला, लॉक वायर पुन्हा छेडली. तो एका कोपऱ्यात डोळे मिटून उभा होता. उजवा हात हवेत मूठ पिळत होता, अंगठ्याशेजारची दोन बोटं ब्रेक दाबत-सोडत होती. ट्रॅकची एक फेरी मनात पुरी होत होती. मी घड्याळ पाहिलं. त्याने डोळे उघडले तेव्हा दोन मिनिटं होऊन गेली होती.

वॉर्मअप फेरी झाली, गाड्या आपापल्या जागी उभ्या राहिल्या. लाल दिवे लागले, विझले. वीसेक लहान इंजिनं एकदम किंचाळली आणि सगळा जथा सी-वनच्या उजव्या वळणात घुसला. तिथे सगळ्यांना एकच रेषा हवी असते. सगळे त्यातून कसे सुटतात हे कठड्याजवळ उभं राहून पाहिलं तरी कळत नाही. पहिल्या फेरीअखेर तो सोळावा, तिसऱ्या फेरीला चौदावा. घोळका तोच, कालचा : दोन बंगळुरूचे, एक हँडल देणारा, आणि हा. पुढच्यांपासून चार सेकंद मागे, मागच्यांपासून सहा सेकंद पुढे. पुढे बक्षिसाची आशा नाही, मागून भीती नाही. उद्घोषकाने एकदाही त्यांची नावं घेतली नाहीत, प्रेक्षकांचं लक्ष आघाडीवर. तरी त्या चौघांनी तीन फेऱ्यांत एकमेकांना इतक्या वेळा ओलांडलं की मामांनी मोजणं सोडून दिलं.

शेवटच्या फेरीला तो कालचा धडा गिरवायला निघाला. शेवटच्या वळणाआधी मुद्दाम दुसऱ्या जागेवर राहायचं, बाहेर पडताना टो घ्यायचा, रेषेवर बाजूला निघायचं. अडचण अशी की उरलेल्या तिघांनीही काल हेच पाहिलं होतं. पुढे कोणालाच राहायचं नव्हतं. वळणाच्या तोंडाशी चौघेही क्षणभर मंदावले, एकमेकांकडे मान न वळवता पाहू लागले. त्या कचरण्याचा फायदा घेतला चौथ्याने. तो हँडलवाला बाहेरून आला आणि कोणाचीही वाट न बघता पुढे सुटला. हा त्याच्या मागे. सरळ पट्ट्यावर टो मिळाला, अंतर आटत गेलं, बाजूला निघाला, पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाशी आलं, मग इंजिनाशी, आणि रेषा संपली. बंगळुरूचे दोघे मागे. हँडलवाला तेरावा, हा चौदावा.

शर्यतीनंतर गाड्या उभ्या करतात त्या ‘पार्क फेर्मे’मध्ये हेल्मेट काढल्यावर दोघे एकदम बोलायला लागले, दोन वेगवेगळ्या भाषांत, दोन्ही हातांनी दोन गाड्या करून दाखवत. मामा गाडीखाली वाकून तार तपासत होते. ‘वेळ बघितलीस का?’ त्यांनी मान वर न करता विचारलं. शनिवारपेक्षा आठ दशांश सेकंद कमी. ‘आठ दशांश,’ तो म्हणाला, आणि एवढा खूश मी त्याला तीन दिवसांत पाहिला नव्हता.

जमाखर्च

बक्षीस शून्य. खर्चाची यादी : एंट्री, परवाना, पेट्रोल, टोल, पिकअपचं भाडं, टायर, मोडलेली दांडी, लॉज, आणि चार दिवसांचा बुडालेला ओव्हरटाइम. हँडल परत द्यायला गेला तर समोरच्याने घेतला नाही. पुढच्या फेरीला आण म्हणाला. पगारातला मोठा हिस्सा असा जातो. त्याने मोबाइल बदललेला नाही, मित्रांच्या गोव्याच्या सहलींना तो जात नाही. व्यावसायिक रेसर होण्याचं वय गेलं हे तो स्वतःच सांगतो. मग का? तो विचारात पडला. ‘मशीनवर दिवसभर मी शंभरावा भाग मिलिमीटर सांभाळतो. तिथं चुकलो तर पीस रिजेक्ट. इथं चुकलो तर मी रिजेक्ट. पण इथं पुढच्या फेरीला पुन्हा तेच वळण येतं, सुधारायला.’

परतीच्या वाटेवर चर्चा निघाली ती महाराष्ट्रात ट्रॅक का नाही याची. मोटारसायकलींचे कारखाने इथे, सुटे भाग बनवणारे इथे, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून इंजिनांचे भाग देशभर जातात, हौशी पोरांना तोटा नाही. सोपं उत्तर म्हणजे सरकारने किंवा एखाद्या उद्योगपतीने बांधावा. ग्रेटर नोएडात तसा बांधून झाला. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५.१२५ किलोमीटर, जागतिक दर्जाचा. फॉर्म्युला वन तिथे २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं आली, तिन्ही वेळा सेबॅस्टियन फेटेल जिंकला, मग ती गेली. मोटोजीपी सप्टेंबर २०२३मध्ये आली, मार्को बेझेकी जिंकला. मोठ्या माणसांचे मोठे सोहळे झाले. हौशी रेसर मात्र वर्षानुवर्षं घडत राहिले ते इरुंगट्टुकोट्टैत आणि कोइम्बतूरला, कारण तिथे ट्रॅकच्या आधी माणसं जमली होती. झेंडे धरणारी, तपासणी करणारी, निकाल लावणारी, एकमेकांना हँडल देणारी.

कोल्हापुरात हे कोणाला समजावून सांगायची गरज पडू नये. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२मध्ये खुलं झालं. पण तालमी त्याच्या आधीपासून गल्लोगल्ली होत्या, लाल माती होती, वस्ताद होते. मैदान त्यांच्यासाठी बांधलं गेलं. मैदान आधी बांधून मल्ल मागून शोधले नाहीत.

पिकअप हुबळी ओलांडत होती तेव्हा मामांनी मागच्या सीटवरून आपला बेत सांगितला. पुढच्या मोसमात उद्यमनगरातल्या चार पोरांना घेऊन यायचं, रेसर म्हणून नव्हे, मार्शल म्हणून. आधी झेंडा धरायला शिकू द्या, स्क्रूटिनीत उभं राहू द्या. तोवर गो-कार्टच्या ट्रॅकवर महिन्यातून एक रविवार लहान गाड्यांचा सराव. दहा-बारा जण जमले की क्लब नोंदवायचा आणि महासंघाशी जोडून घ्यायचा अर्ज करायचा. ‘आन मग ट्रॅक?’ याने स्टिअरिंगवरून विचारलं. मामा म्हणाले, ‘त्यास्नी सदतीस वर्षं लागली. मी काय तवर ऱ्हात न्हाई. पण रजिस्टर माझ्या गॅरेजात ठेवायचं, पहिली सही माझी.’